रेझिन कुठलं ते नंतर बघू, आधी भरलेलं रेझिन ठेवणार कुठे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून थोडक्यात परत लिहितो. तुमचा सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) आणि डीएम प्लँटचा (पाण्यातले सगळे क्षार काढणारा) धंदा आहे, बारा वर्षं झाली, आणि आता एका संशोधन संस्थेकडून इन्क्वायरी आलीये. त्यांच्या लॅबमधलं धुण्या-पुसण्याचं पाणी टाकीत साठतं, वर्षाला साधारण २० हजार लिटर, त्यात किरणोत्सारी सिझियम-१३७ लिटरमागे १० हजार बेक्रेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्रेल), तसंच कोबाल्ट-६० पाचशे बेक्रेल, पीएच ८, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९००, हार्डनेस (जडपणा) ३५०. तुम्ही विचारताय की स्ट्राँग अ‍ॅसिड कॅटायन रेझिनचा (धन चार्जचे आयन पकडणाऱ्या प्लास्टिकच्या मण्यांचा) एक कॉलम पुरेल का, आणि रिजनरेशन (भरलेलं रेझिन धुऊन परत वापरण्याजोगं करणं) अ‍ॅसिडने करायचं की मिठाने.

मी अठ्ठावीस वर्षं याच कामात काढली, किरणोत्सारी सांडपाणी साफ करायच्या प्लँटवर, आता रिटायर आहे. त्यामुळे उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तुमच्या प्रश्नातला रिजनरेशनचा भाग. नेहमीच्या धंद्यात रेझिन ही वर्षानुवर्षं वापरायची वस्तू असते, संपली की मिठाचं पाणी किंवा अ‍ॅसिड सोडायचं, निघालेलं पाणी गटारात, आणि परत कामाला. हार्डनेसचं कॅल्शियम गटारात गेलं तर कोणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र जे सिझियम तुम्ही २० हजार लिटरमधून वेचून गोळा केलंत तेच तुम्ही आठशे-हजार लिटर खाऱ्या पाण्यात परत सोडणार, आणि ते खारं पाणी आता आधीच्यापेक्षा साफ करायला कितीतरी अवघड, कारण त्यात मीठ कोंबलेलं आहे. म्हणजे काम केलंत आणि स्वतःच मोडलंत. रेझिन किरणोत्सार मारत नाही हो. सिझियमचा अणू पाण्यात असो की रेझिनवर, तो त्याच्या गतीनेच विझणार. रेझिन फक्त त्याची जागा बदलतं, मोठ्या टाकीतून छोट्या डब्यात. म्हणून अशा कामात बहुतेक वेळा रेझिन एकदाच वापरायचं, भरलं की कॉलमसकट किंवा काढून कचरा म्हणून जमा करायचं. तुमच्या कोटेशनमधला अ‍ॅसिड टँक, ब्राइन टँक, रिजनरेशन स्किड हे सगळं आत्ताच खोडून टाका.

याला अपवाद आहे आणि तो आपल्याकडचाच आहे, म्हणून सांगतो. तारापूर आणि तुर्भ्याला मध्यम तीव्रतेचा जो अल्कधर्मी कचरा होता, सोडियमने भरलेला, त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं रेझिन बनवलं. अल्कलीमध्ये त्याचे फिनॉलचे गट जागे होतात आणि एवढ्या सोडियमच्या गर्दीतून सिझियम उचलतात, मग सौम्य नायट्रिक अ‍ॅसिडने ते उतरवून घेता येतं आणि रेझिन परत वापरता येतं. तिथे ते शहाणपणाचं आहे कारण उतरवलेल्या थोड्याशा द्रावणाला पुढे जायला जागा आहे, ते काचेत गोठवायची सोय त्यांच्याकडे आहे. तुमच्या त्या संस्थेकडे अशी भट्टी आहे का? नसणारच. आणि तुमच्या पीएच ८ ला ते रेझिन फारसं काम करणारही नाही, त्यामुळे कोणी "बीएआरसीवालं रेझिन लावा" म्हटलं तर हुरळून जाऊ नका.

नायट्रिकचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. अमेरिकेत हॅनफर्डच्या अणुकेंद्रात ३० ऑगस्ट १९७६ ला हॅरॉल्ड मॅक्लस्की नावाचा ऑपरेटर अमेरिशियम या किरणोत्सारी धातूच्या रेझिन कॉलमवर काम करत होता. संपामुळे कॉलम काही महिने तसाच भरलेला पडून होता, सुरू करताना नायट्रिक अ‍ॅसिड सोडलं आणि कॉलम त्याच्या तोंडासमोर फुटला. माणूस ६४ वर्षांचा होता, अंगात अमेरिशियम घुसलं, तरी पुढे अकरा वर्षं जगला, तो भाग वेगळा. धडा साधा आहे, रेझिन म्हणजे शेवटी प्लास्टिक, म्हणजे इंधन, आणि कडक नायट्रिक म्हणजे त्याला जाळणारं. भरलेला कॉलम दिवसेंदिवस उभा ठेवून मग त्यात अ‍ॅसिड सोडणं हा प्रकार आपल्या लाइनमध्ये कोणी करायचा नाही, किरणोत्सार असो वा नसो.

आता तुमचा मूळ प्रश्न, एक कॉलम पुरेल का. पुरेल, पण किती रेझिन लागेल याचं गणित बघितलंत तर तुम्हीच वेगळा विचार कराल.

लिटरमागे १० हजार बेक्रेल ऐकायला केवढं वाटतं. पण सिझियम-१३७ च्या एका ग्रॅममध्ये जवळपास ३.२ लाख कोटी बेक्रेल असतात, म्हणजे तुमच्या लिटरभर पाण्यात सिझियम आहे फक्त ३ नॅनोग्रॅम. वर्षभराच्या सगळ्या २० हजार लिटरमध्ये मिळून ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे जेवणातल्या बारीक मिठाचा एक दाणा. एक दाणा! आणि त्याच पाण्यात सोडियम किती? तुम्ही दिलेलं नाही, टीडीएसवरून मी दीडशे मिलिग्रॅम धरतो, म्हणजे वजनाने सिझियमच्या पाच कोटी पट. वर हार्डनेसचं कॅल्शियम-मॅग्नेशियम आहेच.

रेझिन बिचारं काय करणार, त्याला कोण किरणोत्सारी आहे हे कळत नाही, त्याला फक्त चार्ज आणि आकार कळतो. स्ट्राँग अ‍ॅसिड कॅटायनला सोडियमपेक्षा पोटॅशियम आवडतं, पोटॅशियमपेक्षा सिझियम थोडं जास्त आवडतं, पण दोन चार्जवाले कॅल्शियम, स्ट्राँशियम, बेरियम आले की त्यांना आधी पाट. पंगतीत बसायच्या जागा ठरलेल्या, लिटर रेझिनमागे साधारण २ इक्विव्हॅलंट (चार्जच्या जागा मोजायचं माप). तुमच्या पाण्यात हार्डनेसचे ७ आणि सोडियमचे साडेसहा धरून साडेतेरा मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर होतात, म्हणजे एक लिटर रेझिन दीडशे लिटर पाण्यात संपलं. २० हजार लिटरला १३५ लिटर रेझिन, दरवर्षी, आणि ते सगळं किरणोत्सारी कचरा. मिठाच्या एका दाण्यासाठी १३५ लिटर रेझिन, त्यातल्या जवळजवळ सगळ्या जागा कॅल्शियम-सोडियमने अडवलेल्या.

इथे तुम्ही लगेच म्हणाल, मग आधी सॉफ्टनर लावू की. मला माहितीये कारण आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक मुलगा हेच म्हणायचा. अहो तो सॉफ्टनरही कॅटायन रेझिनच आहे, तोही सिझियम उचलतो, मग त्याचं मिठाचं पाणी किरणोत्सारी झालं आणि आपण परत पहिल्या पायरीवर.

म्हणून माझं उत्तर दोन भागांत आहे. एक म्हणजे पाणीच बदला, आणि दुसरं म्हणजे साधं कॅटायन रेझिन सोडून सिझियमला ओळखणारं काहीतरी घ्या.

पाणी बदला म्हणजे काय, तर त्या लॅबमध्ये भांडी आणि ट्रे बोअरच्या नाहीतर नळाच्या पाण्याने धुतात म्हणून ही हार्डनेस आली. किरणोत्सारी कामाशी हार्डनेसचा काय संबंध? त्यांना त्या एका सिंकला डीएमचं पाणी द्या. हा तर तुमचा रोजचा धंदा. लॅबमध्ये वापरायच्या आधीच पाण्यातलं मीठ काढलं तर ते काम साध्या, स्वच्छ रेझिनवर होतं, ज्याचं रिजनरेशन तुम्ही खुशाल करा आणि गटारात सोडा (तुमच्या एमआयडीसीच्या नियमाप्रमाणे, न्यूट्रल करून). पुढे टाकीत जमणारं पाणी जवळजवळ मिठाशिवाय असेल, एकूण भार अर्ध्या मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली ठेवलात तर तेच लिटरभर कॅटायन चार हजार लिटर खेचेल, आणि १३५ लिटरच्या जागी पाच लिटरमध्ये वर्ष निघेल. आमच्या प्लँटवर सगळ्यात जास्त फायदा कशाने झाला असेल तर कुठल्याही भारी रेझिनने नाही, गटारं वेगळी केल्याने. हात धुवायच्या बेसिनचं साबणाचं पाणी, फरशीचं पाणी, कपडे धुण्याचं पाणी आणि लॅबचं पाणी एका पाइपात येत होतं ते चार पाइपांत नेलं, आणि निम्म्याहून जास्त पाणी तपासून सरळ सोडण्यासारखं निघालं.

अर्थात जुनं साठलेलं पाणी आहेच, त्याला डीएमचा उपाय नाही. त्यासाठी दुसरा भाग.

सिझियमला ओळखणारे पदार्थ बऱ्याच वर्षांपासून माहीत आहेत. एक म्हणजे फेरोसायनाइडची मंडळी, निकेलचं किंवा तांब्याचं. त्यांच्या स्फटिकाच्या पिंजऱ्यात पाण्याचं आवरण टाकलेला सिझियमचा आयन बरोब्बर बसतो, कॅल्शियम आत शिरत नाही, सोडियम शिरलं तरी टिकत नाही. हे प्रशियन ब्लूच्याच घरातले. १९८७ साली ब्राझीलमध्ये गोयानियाला भंगारात गेलेलं कॅन्सरवरच्या उपचारांचं सिझियमचं मशीन फोडलं गेलं तेव्हा ज्यांच्या पोटात सिझियम गेलं त्यांना औषध म्हणून हाच प्रशियन ब्लू खायला दिला होता. आपल्या प्लँटवर कमी तीव्रतेच्या पाण्यात तांब्याचं फेरोसायनाइड टाकून सिझियम, बेरियम सल्फेटने स्ट्राँशियम आणि फेरिक हायड्रॉक्साइडने बाकीचं खाली बसवायची पद्धत जुनी आहे, गाळ निघतो आणि वरचं पाणी निवळतं. कॉलममध्ये वापरायचं तर ते दाण्यांवर किंवा रेझिनच्या मण्यांत बसवलेलं मिळतं. फक्त पीएच ११ च्या वर नेऊ नका, ते विरघळायला लागतं.

दुसरं म्हणजे झिओलाइट. क्लिनोप्टिलोलाइट हा खाणीतून निघणारा साधा दगड, इंग्लंडमध्ये सेलाफिल्डच्या अणुकेंद्रात १९८५ पासून त्यावरच सिझियम-स्ट्राँशियम पकडतात. स्वस्त आहे, जळत नाही, आणि पुढे सिमेंटमध्ये छान बसतो. तोटा असा की पोटॅशियम जास्त असलं तर क्षमता पडते. तुमच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियमचा आकडाच नाही. तो आधी मागून घ्या, या सगळ्या निवडीत तोच सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे आणि लॅबवाले नेमका तोच देत नाहीत.

मोठ्या जागी पण असंच झालंय. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात १९७९ मध्ये अपघात झाल्यावर शेजारच्या इमारतीतलं कमी तीव्रतेचं पाणी सेंद्रिय रेझिनने साफ केलं, पण रिअ‍ॅक्टरच्या तळघरातलं जे कडक पाणी होतं त्याला झिओलाइट लावलं, आणि ते कॉलम कुठे ठेवले, तर इंधनाच्या तलावात पाण्याखाली बुडवून, म्हणजे पाणीच भिंतीचं काम करतं. फार हुशारीची आयडिया. जपानमध्ये फुकुशिमाला तर अपघातानंतर रिअ‍ॅक्टर थंड करायला समुद्राचं पाणी ओतलं होतं, तिथे साधं रेझिन एका दिवसात मिठाने भरलं असतं, म्हणून सुरुवातीपासून झिओलाइट आणि मग सिलिकोटायटनेट, तेही सिझियमला ओळखणारं. पुढे त्यांनी ६२ प्रकारचे किरणोत्सारी पदार्थ काढायची यंत्रणा लावली, एकामागे एक वेगवेगळ्या पदार्थांचे कॉलम, आणि तरीसुद्धा ट्रिटियम राहिलंच, कारण ट्रिटियम म्हणजे पाण्यातलाच हायड्रोजन, ते आयन नाही, पाणीच आहे. ते पातळ करून २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडतायत. तुमच्या गिऱ्हाइकाला विचारून घ्या ट्रिटियम वापरतात का. वापरत असतील तर स्पष्ट लिहून द्या की आमच्या प्लँटने ते निघणार नाही, नाहीतर नंतर तुमच्या नावाने शंख करतील.

आता कोबाल्ट. आकडा छोटा आहे म्हणून दुर्लक्ष कराल आणि नेमकं तेच आउटलेटला दिसत राहील. पीएच ८ ला कोबाल्ट बऱ्याचदा आयन म्हणून नसतंच, गंजाच्या, लोखंडाच्या बारीक कणांवर चिकटलेलं असतं. कणाला चार्जचं काय, तो रेझिनच्या मण्यांमधून सरळ निघून जातो. म्हणून आधी फिल्टर, ५ मायक्रॉन आणि मग १ मायक्रॉन, आणि तो फिल्टर पण किरणोत्सारी कचरा, त्याचीही जागा आधी ठरवायची. दुसरा प्रकार जास्त वाईट: धुताना ईडीटीए (धातूचे आयन धरून ठेवणारं रसायन) किंवा सायट्रिक अ‍ॅसिड असलेलं क्लीनर वापरलं असेल तर कोबाल्ट त्याच्या मिठीत बसून ऋण चार्ज घेऊन फिरतं आणि कॅटायन रेझिन त्याच्याकडे बघत पण नाही. अशा वेळी अ‍ॅनायन लावतात किंवा आधी ते ईडीटीए तोडावं लागतं. पण सगळ्यात सोपं म्हणजे लॅबला सांगून ते क्लीनर बंद करणं.

हे ओळखायचं कसं? त्यांच्या लॅबमध्ये, त्यांच्या माणसांनी, दोन छोट्या टेस्ट कराव्यात. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून गाळून आधी आणि नंतर काउंट (किरणोत्साराची मोजणी) घ्यायचे, कोबाल्ट एकदम पडलं तर ते कणांत होतं. मग गाळलेल्या पाण्याच्या बाटलीत मोजून थोडं रेझिन टाकून चोवीस तास हलवत ठेवायचं आणि परत काउंट. बाटलीत जे उतरत नाही ते कॉलममध्येही उतरणार नाही. तुम्ही तुमच्या शेडमध्ये किरणोत्सारी पाणी आणून ट्रायल घ्यायच्या भानगडीत पडू नका, ते बेकायदेशीर आहे. तुम्हाला हात साफ करायचा असेल तर साधं, किरणोत्सार नसलेलं सिझियम क्लोराइड आणून तसंच पाणी बनवा आणि कॉलम चालवा, फक्त सिझियम शक्य तेवढं कमी ठेवा, कारण जास्त टाकलंत तर रेझिन वेगळंच वागतं आणि आकडे फसवतात.

कॉलमबद्दल तुम्हाला मी काय शिकवणार, पण तीन गोष्टी इथे वेगळ्या आहेत.

एक, घाई नको. सॉफ्टनरला तुम्ही तासाला ३०-४० बेड व्हॉल्यूम (म्हणजे रेझिनच्या आकारमानाच्या तितक्या पट पाणी) सहज मारता, इथे ५ ते १०. बेड ७५ सेंटिमीटरच्या खाली नको, आणि बुटका-जाडा कॉलम तर नकोच, पाणी एका बाजूने वाट काढतं आणि अर्धं रेझिन कोरंच राहतं. बॅकवॉश (खालून उलटं पाणी सोडून धुणं) भरलेल्या रेझिनला शक्यतो द्यायचाच नाही, म्हणून आधीचा फिल्टर चांगला हवा.

दोन, कॉलम एक नाही, दोन, एकामागे एक. पहिला संपला की तो काढायचा, दुसरा पुढे आणायचा, नवा मागे लावायचा. म्हणजे पहिल्याची पूर्ण क्षमता वापरता येते आणि आउटलेटला भीती नाही.

तीन, कंडक्टिव्हिटी मीटरवर विसंबू नका. तीन नॅनोग्रॅम त्याला दिसणं शक्य नाही, इथे काउंट हाच मीटर. यावरून एक आठवलं. मी नवीन असताना एका रात्रपाळीत आउटलेटचा काउंट इनलेटपेक्षा जास्त आला. आम्ही आधी म्हटलं काउंटर खराब, मग म्हटलं सँपलची बाटली घाणेरडी, तीन वेळा बाटल्या बदलल्या, पहाटेपर्यंत तोच आकडा, उलट वाढतोय. सकाळी आमचे सिनिअर आले, त्यांनी लॉगबुक बघितलं आणि विचारलं, बेड संपून किती तास झाले? झालं असं होतं की बेड भरल्यावरही आम्ही चालू ठेवला होता, मागून येणारं कॅल्शियम आधी पकडलेल्या सिझियमला ढकलून बाहेर काढत होतं, साठलेलं सगळं गठ्ठ्याने बाहेर येत होतं. नशीब ते पाणी टाकीतच जात होतं, बाहेर नाही. म्हणून आउटलेट नेहमी एका रिकाम्या टाकीत, काउंट बघितल्याशिवाय पुढे काही सोडायचं नाही.

आतापर्यंतचं सांगायचं तर: रिजनरेशन नाही, धुण्याचं पाणी डीएमचं, जुन्या पाण्याला आधी फिल्टर मग फेरोसायनाइडचे दाणे किंवा झिओलाइट, दोन कॉलम, काउंट बघून सोडणे. कोबाल्टच्या उरल्यासुरल्या आयनांसाठी शेवटी थोडं कॅटायन ठेवायला हरकत नाही, पण वर काढलेलं १३५ लिटरचं गणित त्यालाही लागू आहे, म्हणून ते टेस्ट बघून ठरवा.

आणि आता शीर्षकातला प्रश्न. त्या २० हजार लिटरमधलं सगळं सिझियम म्हणजे २० कोटी बेक्रेल, ते तुम्ही एका डब्यात आणलंत. टाकीजवळ उभं राहिलं तर फारसं काही जाणवत नव्हतं, पण आता त्या छोट्या कॉलमपासून एक मीटरवर, कोबाल्ट धरून, तासाला साधारण १५ ते २० मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं माप) मिळतील, तेही शिशाचं कवच नसेल तर. सामान्य माणसाला वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे शेजारी टेबल टाकून बसणाऱ्या माणसाची वर्षाची मर्यादा पन्नास-साठ तासांत संपली. तुमचा फिटर व्हॉल्व्ह दुरुस्त करायला त्याला मिठी मारून बसणार, त्याचं काय ते वेगळं. म्हणून कॉलम कुठे बसणार, भोवती शिसं किंवा काँक्रीट किती, व्हॉल्व्ह कवचाच्या बाहेर आणता येतील का, कॉलम क्विक कपलिंगने दोन मिनिटांत सुटतो का, हे रेझिनच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचं. यात गंमत अशी की रेझिन जेवढं चांगलं तेवढा डबा छोटा आणि तेवढाच तो तापट, त्यामुळे कधीकधी आपण मुद्दाम थोडं आधीच कॉलम बदलतो, क्षमता शिल्लक असताना, हाताळायला सोपं जावं म्हणून.

अर्धायुष्य ३० वर्षं. थोरल्या बाजीरावाला पेशवाई मिळाली १७२० साली, त्या दिवशी कोणी हा डबा भरून ठेवला असता तर आज त्यात हजारातला एक भाग उरला असता. तोपर्यंत कोण सांभाळणार? तुम्ही नाही, तुमचं गिऱ्हाईकही नाही. आपल्याकडे रेझिन सिमेंटमध्ये किंवा पॉलिमरमध्ये बसवून जमिनीत आरसीसीच्या खंदकांत किंवा टाइल होलमध्ये (जमिनीतले खोल, गोल, पक्के खड्डे) ठेवतात, तशा जागा अणुऊर्जा खात्याकडे आहेत. सिमेंटमध्येही रेझिन जास्त टाकून चालत नाही, पाणी पिऊन ते फुगतं आणि ठोकळ्याला तडे जातात. ओलं रेझिन घट्ट बंद ड्रममध्ये वर्षानुवर्षं ठेवलं आणि किरणोत्सार जास्त असला तर हायड्रोजनही जमतो, तुमच्या पातळीला ती मोठी चिंता नाही, तरी ड्रमला श्वास घ्यायला जागा ठेवा. किरणोत्साराने रेझिन खराब होईल का असं कोणीतरी खाली विचारलंय, तर या आकड्यांना त्याला हजारो वर्षं लागतील, तो प्रश्न रिअ‍ॅक्टरच्या आणि पुनर्प्रक्रियेच्या कॉलमचा. त्यापेक्षा नळाच्या पाण्यातली क्लोरीन तुमच्या रेझिनला आधी खाईल.

कागदपत्रांचं म्हणाल तर किरणोत्सारी कचऱ्यासाठी १९८७ चे नियम आहेत, परवानगी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) लागते, आणि ती संस्थेच्या नावाने असते, तुमच्या नाही. त्यांच्याकडे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असणारच, त्याच्याशी बोलल्याशिवाय खरेदी विभागाशी रेट बोलू नका. त्याला सरळ विचारा की भरलेलं रेझिन कोण घेणार याचं लेखी काही आहे का. नसेल तर ऑर्डर घेऊ नका. मी एका ठिकाणी बघितलंय, प्लँट सुंदर, पाणी चकाचक, आणि मागच्या खोलीत कोणी न्यायला तयार नसलेले ड्रम, त्यावरची लेबलं पिवळी पडून गळून गेलेली, आत काय आहे ते फक्त एका माणसाला माहीत आणि तो त्या महिन्यात रिटायर होत होता.

एका मित्राने विचारलंय की हॉस्पिटलच्या आयोडीन वॉर्डलाही (थायरॉइडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन देतात तो) हेच लावता येईल का. तिथे रेझिनच नको. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, ऐंशी दिवस टाकीत ठेवलं की हजारातला एक भाग राहतो, फुकटात. दोन टाक्या आळीपाळीने, बस. त्यात संडासाचं पाणी असतं, रेझिन दोन दिवसांत शेवाळून जाईल. आणि आरओवाल्यांना एवढंच, पाणी साफ निघेल हो, पण रिजेक्टमध्ये (मागे उरणाऱ्या पाण्यात) सगळं सिझियम आणि सगळं मीठ सोबत मिळेल, मग ते कशाने साफ करणार ते आधी ठरवा.

तर आता तुम्ही एवढं करा, पोटॅशियम आणि सोडियमचे आकडे, कुठलं क्लीनर वापरतात त्याचं नाव, हात धुवायचं बेसिन त्याच टाकीला जोडलंय का, आणि त्या ०.४५ मायक्रॉनच्या टेस्टचा निकाल, हे मिळालं की इथेच टाका. मग फेरोसायनाइड की झिओलाइट आणि किती लिटर, ते बसून काढू.